पुढल्या बुधवारचा भाग

धुळ्याच्या स्टँडवर दोंडाईच्याची गाडी अजून लागली नव्हती. ट्रक ड्रायव्हर सुकदेव घरी जायला दवाखान्यातून थेट इथं आला होता. त्याला एका जागी बसवेना. तो दोनदा नळावर जाऊन आला. बाकावर शेजारी दोघी बोलत होत्या.

"ताईबाई, काल टीव्हीवर ती एड्सनी मालिका देखी का वं?"

"देखी ना! सरपंचना ओटावर बठ्ठं गाव व्हतं. मालिकामा तो डायवर घर उना, दवाखानाना कागद बायकोना हातमा दिधा."

"मंग?"

"सासूनी त्यानी ताटली गोठामा फेकी दिधी."

"बरं करं! घरमा लेकरं शेतस."

"अवं, संगे जेवीसन तो रोग लागत नही. डॉक्टरनी सांगं ना मालिकामा."

"डॉक्टरनं काय जास सांगाले? तू जेवशी का?"

"माले नको इचारू. त्यानी बायकोनी ती ताटली गोठामाथून उचली, धुई, भाकर वाढी. मंग त्याना संगेच जेवाले बसनी. घास तोंडलगून लई गयी…"

"खादा?"

"तेवढामा लाईट गयी ना, माय!"

"आते वं?"

"आते काय! अर्धं गाव म्हने खादा व्हई, अर्धं म्हने फेका व्हई. आंधारामा बठ्ठा भांडत बसनात."

सुकदेवचा हात वरच्या खिशातल्या दवाखान्याच्या कागदावर होता. तो वळला.

"अक्का, पुढला भाग कधी शे?"

"पुढला बुधवारले, भाऊ."

तेवढ्यात गाडी लागली. ताईबाईनं चढून खिडकीतून हाक मारली.

"ये ना भाऊ, जागा धरेल शे!"

"जाऊ द्या, अक्का. मी पुढला गुरुवारनी गाडीले जासू."