साबणाच्या वडीएवढा कॅमेरा

नाही, पण तुम्हीच सांगा, माणसाने शिकायचं तरी कशाला? मला वाटलं होतं, स्कॉटलंडात राहून, तिथल्या गारठ्यात बोटं बधिर करून घेऊन, फोटोग्राफीची डिग्री घेऊन मी गिरगावात परतेन, तर अख्खी खोताची वाडी डोळे लावून बसलेली असेल... ये गो श्रेया, आमचे जिने काढ, आमचे चेहरे काढ, हे सगळं जायच्या आत जगाला दाखव! आणि प्रत्यक्षात काय? बारसं असो, बाप्तिस्मा असो, कुणाचा साठावा वाढदिवस असो, जिथे तिथे मेलानी! शेजारच्या ओल्गा आंटीची भाची. दिवसभर बँकेत नोकरी करते, फोटोतलं ओ की ठो कळत नाही. आणि कॅमेरा कुठला? वडिलांच्या कपाटात पडलेला जुना डिजिटल. हल्ली म्हणे त्याची परत फॅशन आलीय! केवढा? साबणाच्या वडीएवढा!

मी जळते असं समजू नका हं. म्हणजे... जळते. पण तत्त्वासाठी जळते!

तर तुम्हाला सांगते, ओल्गा आंटीच्या मुलाचं, इयानचं लग्न ठरलं. इयान आणि मी जिन्याच्या एकाच कठड्यावरून घसरून लहानाचे मोठे झालो, म्हणजे ते लग्न माझंच की! फोटोंच्या दृष्टीने म्हणते हो, हसताय काय? मी आपली चर्चमधला उजेडसुद्धा आधी जाऊन बघून आले. तर आंटी म्हणते, "असं कर बाय, आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी हाय ना, तू पण काढ, मेलानी पण काढंल. मग टीव्हीवर लावून सगळी बघू. जिचे आवडतील ती उद्या चर्चमध्ये." परीक्षा! माझी! कुणाबरोबर? साबणाच्या वडीबरोबर!

उंबराचं पाणी म्हणजे, या ईस्ट इंडियन, इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, नाचत नाचत विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला आंघोळ घालतात. काय दृश्य असतं! मी ठरवलं, हे एकदा असं टिपायचं की पुढच्या शंभर पिढ्यांनी बघत राहावं. विहिरीवर जागा धरली, लेन्स लावली, फोकस केला, आंटीने घागर वर ओढली... आणि नेमका त्याच वेळी आमच्या राजारामकाकांनी मध्ये हात घालून बँडवाल्यावरून नोट ओवाळली! फ्रेमचा सत्यानाश! मी ओरडले, "थांबा! बँड थांबवा! आंटी, ती घागर परत विहिरीत ओता आणि पुन्हा वर काढा!"

बँड थांबला. क्लॅरिनेट तेवढं एकटंच जरा वेळ केकाटत राहिलं, मग तेही गप्प. आंटी माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जणू पाद्रीबाबांना म्हटलंय, लग्न पुन्हा पहिल्यापासून लावा. "पोरी," म्हणाली, "देवाचं नाव घेऊन काढलेलं पाणी परत ओततात काय गो?" त्यानंतर मी जिकडे कॅमेरा फिरवीन तिकडे माणसं हात खाली सोडून ताठ उभी! जशी काय मी म्युनिसिपालटीकडून बांधकाम मोजायला आलेय! आणि मेलानी? ती एका हाताने नाचतेय, दुसऱ्या हाताने फोटो काढतेय! बघतसुद्धा नाही हो, कशाचा काढतेय ते! साबणाची वडी नुसती हवेत फिरवतेय!

घरी आलो. मैद्याचे तळलेले गोल फुगे खात सगळी टीव्हीसमोर. आधी माझे फोटो. काय रंग, काय धार... केस न् केस मोजून घ्या! आणि यांचं काय चाललंय? आंटी म्हणते, "अगो बाय, माझ्या ब्लाउजची पिन दिसते!" राजारामकाका टीव्हीला नाक लावून, "श्रेया, माझ्या केसांचा काळा रंग कानाला लागलाय, हे तुला सांगता नाही आलं? फोटोच काढलास?" अहो काका, यालाच क्वालिटी म्हणतात! "असल्या क्वालिटीपेक्षा तू आधी कान पुसायला सांगायचंस."

मग मेलानीचे. मी उठलेच. म्हटलं, आता अडाणीपणा संपवते. मोठे करून दाखवले. "हे बघा, अंधारात सगळे दाणे दाणे! झाडाच्या कडेला जांभळी झालर! फ्लॅशने चेहरे पांढरेफटक! आणि खाली ही केशरी तारीख, तीसुद्धा चुकीची, या तारखेला इयान सहावीत होता!" माझा श्वास संपला. मागे बघते, तर कुणी ऐकतच नाही! आंटी रडतेय. फोटोत घागर डोक्यावर, तोल गेलेला, पाणी अंगावर सांडतंय, आणि ती खो खो हसतेय. म्हणते, "नवरा गेल्यापासून मी अशी हसली नव्हती गो." आता तिला झालर जांभळी आहे म्हणून सांगणार? त्या साबणाच्या वडीत आंटी मावली, आणि माझ्या एवढ्या मोठ्या लेन्समध्ये नुसती तिची पिन!

तेवढ्यात पुढचा फोटो आला. मी. विहिरीच्या कठड्यावर, केस विस्कटलेले, तोंड उघडं, बहुतेक "थांबा!" म्हणतानाच. अर्धा फोटो हललेला. आणि खरं सांगते... इतकी छान मी आजवर कुठल्याच फोटोत दिसले नाही! मेलानी म्हणते कशी, "बघ ना, कसली भारी दिसतेस! तुला पाठवू काय?" पाठव म्हणाले. काय करणार? निकाल सांगायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले. कॅमेरा टेबलावर, बॅटरी भरलेली, लेन्स पुसलेली. कॅमेरा कपाटात टाकला, आईची अंजिरी साडी नेसले, आणि चर्चमध्ये जाऊन मेलानी जिथे उभी राहणार होती, बरोब्बर त्याच्यासमोरचा बाक पकडला.

तत्त्वं आहेत हो माझी, अजून आहेत! फक्त तिला तेवढं सांगून ठेवलं, मला डावीकडून काढ... उजवीकडून नाक मोठं येतं.