तिसरं नको

प्रायर : नको, कॉफी नको. मी पाच मिनिटांसाठीच आलोय.

रग्ना : अर्धा कप?

प्रायर : नको, खरंच. सिग्नेबाई, आपण जरा बाहेर जाऊन बोलूया का? तिथे... अहो, मी नको म्हणालो होतो.

रग्ना : दोनदाच म्हणालात.

(उत्तर मिनेसोटातल्या तोरदाल गावची शाळा. भिंतीपलीकडच्या व्यायामशाळेत पक्षाचं अधिवेशन जेवणासाठी थांबलंय. अलीकडे स्वयंपाकघरात सिग्ने ब्रेकहुस, वॉशिंग्टनच्या संसदेसाठी, म्हणजे काँग्रेससाठी, तीनदा उभ्या राहून तीनदा पडलेल्या बाई, थाळ्या विसळतायत. धाकटी बहीण रग्ना पुसतेय. पक्षाने राज्याच्या राजधानीहून पाठवलेले प्रायरसाहेब दारात उभे आहेत, हातात नको असलेला कप.)

प्रायर : दोनदाच म्हणजे?

रग्ना : म्हणजे शिष्टाचार झाला. आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि यजमान तिसऱ्यांदा विचारतो. तिसऱ्यांदाही नको आलं, तरच ते खरं नको. आजोबा नॉर्वेहून येताना दुसरं काही नाही आणलं, पण ही रीत आणली. एकदाच विचारून भांडं उचललं तर लोक म्हणतील, कसल्या घरची बाई आहे.

प्रायर : आणि उमेदवारानं भांडी विसळायची, हीपण रीतच?

सिग्ने : आज जेवणाची पाळी आमच्या चर्चच्या मंडळाची आहे.

प्रायर : पलीकडे उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी बसलेत, सिग्नेबाई. वेल्चसाहेब टेबलाटेबलापाशी जाऊन हात मिळवतायत.

रग्ना : मग हात धुऊन घ्या म्हणावं त्यांना. ज्या थाळ्यांत ते सगळे जेवले, त्याच आहेत या.

सिग्ने : बोला काय ते, रग्नासमोरच बोला. बाहेर बोललात तरी मी आत येऊन तिला सांगणारच. तेवढाच वेळ वाचेल.

प्रायर : मग स्पष्टच बोलतो. समोरच्या पक्षाचे म्हातारे खासदार या वेळी उभे राहत नाहीत. ही जागा कधी नव्हे ती जिंकण्यासारखी झालीय. कर्टिस वेल्च तयार आहेत. तळ्याकाठी त्यांची हॉटेलं आहेत, स्वतःचा पैसा आहे, टीव्हीवर बरे दिसतात.

रग्ना : बरा तर आमच्या शेजाऱ्याचा बैलही दिसतो. जत्रेत पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली त्याला.

प्रायर : जेवणानंतर अध्यक्ष नावं पुकारतील. तुमचं नाव आलं की विचारतील, उमेदवारी स्वीकारता का. तुम्ही उभं राहून नको म्हणायचं, एवढंच. बारा वर्षांपूर्वी म्हणालात ना, तसंच.

रग्ना : ताई, ती थाळी दे इकडे. फुटेल हातात.

सिग्ने : तो नकार नव्हता.

प्रायर : पक्षात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही भर सभेत म्हणालात, ‘नको, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत.’

सिग्ने : एकदाच म्हणाले ना.

रग्ना : अध्यक्ष शहरातला होता. ही आपली हात पुढे धरून उभी, तो दुसऱ्यांदा कधी विचारतोय म्हणून. तो म्हणाला, ‘केवढं मोठं मन,’ टाळ्या वाजवल्या आणि पुढचं नाव पुकारलं. ते नाव दातांच्या डॉक्टरचं. तो मेला पहिल्याच झटक्यात हो म्हणाला.

प्रायर : आणि सभेत कुणीच काही बोललं नाही? सगळे इथलेच असतील की.

रग्ना : सगळे इथलेच, म्हणून तर कुणी बोललं नाही. चूक झालीय हे पोराबाळांनाही कळलं होतं. पण मध्येच उठून बोलायचं म्हणजे आगाऊपणा. सगळी सभा आपापल्या बुटांकडे बघत बसली. परत जाताना गाडीत मी हिला म्हटलं, ताई, आता काय? तर म्हणते, आज हवा छान आहे.

सिग्ने : छान होती हवा.

रग्ना : डॉक्टर असा आपटला की पुढच्या दोन निवडणुकांत पक्षाला उमेदवार मिळेना.

प्रायर : झालं ते झालं. त्यानंतर बाई तीनदा उभ्या राहिल्या. कुणी अडवलं नाही.

रग्ना : अडवायला कोण येतंय? हरायच्या जागेला रांग नसते.

सिग्ने : पहिल्या वेळी वीस हजारांनी पडले. मग अकरा. मागच्या वेळी चार.

रग्ना : काटा कुठल्या बाजूला सरकतोय ते तुमच्या राजधानीतून दिसत नाही वाटतं.

प्रायर : दिसतंय ना. म्हणून तर वेल्चसाहेब तयार झाले.

रग्ना : म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.

प्रायर : राजकारण आहे, रग्नाबाई. माझ्यावर कशाला चिडता?

सिग्ने : मी बावीस वर्षं सरकारी रस्त्यांवर बर्फ काढायची गाडी चालवली, प्रायरसाहेब. वादळानंतरच्या पहिल्या फेरीत रस्ता दिसतच नाही. कुंपणाचे खांब बघत अंदाजानं जायचं. कधी खड्ड्यात जातो माणूस. दुसरी फेरी जरा सोपी जाते. तिसऱ्या फेरीनंतर मग कुणाचीही मोटार जाते. वेल्चसाहेबांची मोटार चांगली आहे. बाहेर उभी आहे, बघितली मी.

प्रायर : हे बघा, पक्ष तुमचे कष्ट विसरलेला नाही. राज्याच्या रस्ते मंडळावर एक जागा रिकामी होतेय. मानाची जागा आहे. तुमच्याइतकं रस्त्यांचं कळणारं दुसरं कोण आहे? ती घ्या.

सिग्ने : नको.

प्रायर : घाई नका करू. नदीवर नवा पूल होतोय. त्याला तुमच्या घराण्याचं नाव द्यायचं मी वर बोलून ठेवतो. ब्रेकहुस पूल. नातवंडं त्यावरून जातील.

सिग्ने : नको.

रग्ना : आम्हाला नावाचा पूल नको असतो. लोक म्हणतील, शेफारल्या.

प्रायर : दोनदा झालं. म्हणजे तुमच्याच रीतीनं मला अजून एकदा विचारायला हवं.

रग्ना : शिकलात की. लेफ्सा घ्या एक. बटाट्याचीच पोळी आहे, वर लोणी आणि साखर. हिनं केलीय पहाटे उठून.

प्रायर : नको... बरं, द्या.

रग्ना : अरेरे. फार लवकर मान्य केलंत.

प्रायर : चांगली आहे. सिग्नेबाई, मी तुमचा वैरी नाही हो. आज सभेनं तुम्हाला निवडलं तरी वेल्च थांबणार नाहीत. ऑगस्टमध्ये पक्षातल्या पक्षात मतदान होतं, तिथे ते तुमच्याविरुद्ध उभे राहतील. रोज टीव्हीवर तुमचा चेहरा दाखवतील आणि खाली लिहितील, तीनदा हरलेली बाई. तुम्ही काय करणार? चर्चच्या तळघरांतून सभा घेत हिंडणार? तुमचे हाल होतील. लोक हसतील.

सिग्ने : हसू देत. हसायला वर्षातून एखादं निमित्त हवंच माणसाला.

प्रायर : खरं सांगा मला. तुम्ही कधी काही मागत नाही, आवाज चढवत नाही, स्वतःबद्दल चार वाक्यं बोलत नाही. मग ही एकच जागा एवढी धरून का बसलाय? हट्ट म्हणून?

रग्ना : तुम्ही उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं, तुम्हाला काय सांगायचं. आठ वर्षांपूर्वी गावातलं हॉस्पिटल बंद केलं. शरद ऋतूत बंद केलं आणि जानेवारीत आमचा आर्विड...

सिग्ने : रग्ने, पुरे.

रग्ना : का पुरे? तुझी जीभ उचलत नाही, म्हणून माझीही बांधून ठेवू? आर्विड हिचा नवरा. सकाळी गोठ्यात छाती धरून खाली बसला. हॉस्पिटल चालू असतं तर चार मिनिटांचा रस्ता. आता दूर फार्गो शहरात न्यायचं, आणि बाहेर बर्फाचं वादळ. अँब्युलन्स आली, पण पुढे रस्ताच नाही. मग बर्फाची गाडी कुणी काढली? हिनं काढली. नवरा मागच्या गाडीत आणि ही पुढे रस्ता करत.

प्रायर : माफ करा. मला हे माहीत नव्हतं.

सिग्ने : कुणाला सांगितलंच नाही, तर माहीत कसं असेल.

प्रायर : पोहोचलात वेळेवर?

सिग्ने : मला आरशात त्यांचा लाल दिवा दिसत होता. मी कितीही जोरात गेले तरी तो जवळच असायचा. माझ्या मागे अगदी लागून होते ते, घाईत. मग अर्ध्या वाटेवर दिवा हळूहळू मागे पडला. बंद नाही केला त्यांनी. गाडी नुसती हळू झाली. तेव्हा कळलं मला.

प्रायर : मग तुम्ही थांबलात?

सिग्ने : थांबून काय करायचं? रस्ता तर करायलाच हवा होता. अँब्युलन्सवाल्यांनाही घरी परतायचं होतं. मी शेवटपर्यंत साफ केला.

रग्ना : मलासुद्धा तिनं हे आरशाचं दोन वर्षांनी सांगितलं.

सिग्ने : गावागावातली हॉस्पिटलं उघडी ठेवायचा पैसा वॉशिंग्टनमधून येतो, किंवा येत नाही. जिथून येत नाही तिथे जाऊन मला विचारायचंय. दुसरं काही नाही. राग आहे मला, प्रायरसाहेब. दिसत नाही, पण आहे.

प्रायर : आणि हे तुम्ही एकाही भाषणात सांगितलं नाहीत? तीन निवडणुकांत? अहो, मागच्या वेळी हे एकदा टीव्हीवर सांगितलं असतं तर ते चार हजार...

सिग्ने : आर्विडला विकायला काढू?

प्रायर : तसं नाही.

सिग्ने : तसंच आहे. त्याला फोटो काढलेलासुद्धा आवडायचा नाही.

प्रायर : मग ऐका, शेवटचं विचारतो. तुम्हाला सांगायचं नाही ना? नका सांगू. वेल्चसाहेब सांगतील. त्यांना बोलता येतं. तुम्ही फक्त त्यांच्या शेजारी उभ्या राहा, एक शब्दही बोलू नका. आर्विडची गोष्ट ते घराघरात पोहोचवतील, जागा जिंकतील आणि हॉस्पिटलसाठी भांडतील, तसा शब्द मी घेऊन देतो. काम तर तेच होणार ना? मग कोण जातं त्यानं काय बिघडतं? आज नाव पुकारलं की नको म्हणा. तिसऱ्यांदा विनंती करतो.

रग्ना : ताई?

सिग्ने : वेल्चसाहेबांच्या हॉटेलात सफाईला येणाऱ्या बायकांना आजारपणाचा विमा आहे का हो?

प्रायर : तो वेगळा विषय आहे.

सिग्ने : नाहीये. मी त्यांच्या घरी जाऊन आलेय, तिन्ही निवडणुकांत. माझ्या नवऱ्याचं मरण त्यांच्या तोंडून ऐकायचं, आणि मी बाजूला उभं राहून मान हलवायची?

प्रायर : म्हणजे तुमचं उत्तर...

सिग्ने : नको.

रग्ना : तीन झाले.

प्रायर : कळलं मला.

सिग्ने : रागावू नका. तुम्ही नीट विचारलंत, तिन्ही वेळा. आमच्यातलं कुणी याहून जास्त नीट विचारलं नसतं.

प्रायर : ऑगस्टमध्ये ते तुम्हाला सोडणार नाहीत, सिग्नेबाई.

सिग्ने : मीपण कुठे पळून चाललेय? तिसरी फेरी झाली की गाडी घरी न्यायची, असा काही नियम नाही. बर्फ पडत राहिला तर चौथीही मारावी लागते. कॉफी घेऊन जा हवी तर. कप नंतर कुणाच्याही हाती पाठवा.

प्रायर : नको, इथेच संपवली. आणि पोळी... चांगली होती. येतो मी.

रग्ना : गेला एकदाचा. वाईट नाहीये माणूस, पण साखर सगळी एका कडेनं सांडत खातो. ताई, खुर्च्यांचे आवाज ऐक, लोक बसायला लागले. सोड ते भांडं, तळाला जळलंय, ते काय आज निघत नाही.

सिग्ने : निघतंय. जरा घासलं की निघेल.

रग्ना : एप्रन सोड. वळ, गाठ मी काढते. भिजून घट्ट बसलीय. ताई, तिकडे एकदाच विचारतात हं.

सिग्ने : ठाऊक आहे मला.

रग्ना : मागच्या तीन वेळा दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून नुसती मान हलवून भागलं. आज समोर वेल्च आहे. आज तोंडानं म्हणावं लागेल, आणि लगेच म्हणावं लागेल.

सिग्ने : म्हणेन ना.

रग्ना : म्हणून दाखव.

सिग्ने : इथे? काहीतरीच तुझं.

रग्ना : एकसष्ट वर्षांत तू पानातला शेवटचा लेफ्सा कधी मागून घेतला नाहीस. हे तुला वेळेवर जमेल यावर माझा काडीचा भरवसा नाही. म्हण. सिग्ने ब्रेकहुस, उमेदवारी स्वीकारता का?

सिग्ने : हो.

रग्ना : हे काय? पाहुण्याला ‘बसा ना’ म्हणाल्यासारखं झालं. मागच्या रांगेत काय ऐकू जाणार?

सिग्ने : लाज वाटते गं. आईनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, हे कुठून शिकलीस.

रग्ना : आई नाही इथे. आर्विडही नाही. मी आहे आणि ही भांडी आहेत. स्वीकारता का?

सिग्ने : हो. मला हवी आहे ही जागा. दुसऱ्या कुणाला नाही, मला हवी आहे.

रग्ना : अजून एकदा विचारू?

सिग्ने : नको. दार उघड.