हळू, बाळ झोपलंय

नाही, मला सांगा, झोपलेलं बाळ उठवायचं नाही हा नियम काय मी काढला? परदेशात नर्सिंगला घोटून घोटून शिकवलं आम्हाला, गरोदर बाईकडे, बाळंतिणीकडे जायचं ते पाहुण्यासारखं, आणि झोपलेलं बाळ तर मुळीच उठवायचं नाही. पटलं मला. जग बदलायला परत आले, पिशवीत कापडाची बाहुली घेऊन, आणि गाठ पडली या घराशी!

दवाखान्याचा निरोप एवढाच, बाळंतीण घरी आली. मी दारात हजर. ती दार किलकिलं करून म्हणते, "हळू हं ताई, बाळ झोपलंय." आतलं दार लोटलेलं. म्हटलं, झोपू दे. कुजबुजत बाहुलीवर सगळं दाखवलं, पाजायचं कसं, मान कशी धरायची... आणि ती ऐकायची अशी, तुम्हाला सांगते, की शिकवणाऱ्याचं पोट भरावं. पुढच्या आठवड्यात गेले, "हळू हं ताई, बाळ झोपलंय." त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मी आपली खूश, काय गुणी बाळ! दोरीवर एक दुपटं नाही, आतून कधी ट्यँ नाही, पण नियम म्हणजे नियम.

मग जिन्यात तिच्या नवऱ्याने गाठलं. खाली बघत म्हणाला, "ताई, बाळ नाहीये. जन्मलं तेच गेलेलं." मी बाहुली पिशवीत खोल दडपली. तो पुढे म्हणाला, "पण तुम्ही येता त्या दिवशी ती चार घास खाते. येत जा."

आता काय करायचं, सांगा? जावं तर खोटं, न जावं तर ती उपाशी. शेवटी धीर केला, बाहुली पिशवीतच ठेवली आणि म्हटलं, "वहिनी, मला कळलंय."

ती बघतच राहिली. "अगंबाई, कळलं शेवटी? पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं हो. लगेच सांगणार होते, तर तुम्ही बाहुली काढलीत. इतक्या हौसेने मान धरलीत तिची... जीभच रेटेना. म्हटलं, पोर एवढी शिकून आलीय, कशाला मन मोडा."

"आणि ते चार घास?"

"दूध यायला हवं म्हणत समोर बसायचात. मी खाल्ल्याशिवाय तुम्ही उठत होतात का?"

मला हसू फुटलं. तिलाही. चांगल्या खळखळून हसलो दोघी आणि एकदम गप्प झालो. दोघींच्या माना आतल्या दाराकडे वळल्या होत्या.

मी तरी काय करणार... आवाज खाली घेतला.