कै. मेलान्सों सरांची भेट

(लुइझियानातलं लाफायेत गाव. निवृत्त प्राध्यापक ओव्हिड मेलान्सों यांच्या घराची पडवी. दुपार.)

यूलाली : ...फुलं असतील तर पायरीवरच ठेव, बाई, आत जागा नाही. जेवण आणलं असशील तर ये. भाऊ मेल्यापासून आमच्याकडे चूल पेटली नाही, गावानं इतकं आणून दिलंय.

नोएमी : यूलालीमावशी, मी नोएमी. नोएमी गिड्री. सरांची विद्यार्थिनी.

यूलाली : ओळखलं की! म्हणून तर बोलतेय. ओव्हिड, ऊठ रे, तुला मारणारी आलीय!

ओव्हिड : तिला म्हणावं, बस. मेलेल्या माणसाला उठायचा त्रास देऊ नये.

नोएमी : सर... मला काय बोलावं तेच सुचत नाहीये.

ओव्हिड : काल तर बरंच सुचत होतं म्हणे, भरल्या सभागृहात मला श्रद्धांजली वाहताना. फ्रेंच इतिहास परिषदेची अध्यक्ष झालीस, अधिवेशन आपल्या गावात भरवलंस. अभिनंदन. मला कुणी कळवलं नव्हतं.

नोएमी : पेपरात निधनाची बातमी होती, सर. ओव्हिड मेलान्सों, निवृत्त शिक्षक...

ओव्हिड : ब्रो ब्रिज गावचा ओव्हिड तो. शाळेत सुतारकाम शिकवायचा. माझा लांबचा भाऊ लागायचा, भला माणूस. बापाचं नाव काय छापलं होतं?

नोएमी : पाहिलं नाही.

ओव्हिड : बायकोचं?

नोएमी : तेही नाही.

ओव्हिड : आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात मी काय शिकवायचो?

नोएमी : "या मुलखात एकेका नावाची डझनभर माणसं. चर्चच्या दप्तरात नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला, असं नाही. बापाचं नाव बघा, बायकोचं बघा, मगच त्याला पुरा."

ओव्हिड : "पुरा" नव्हतो म्हणत. तेवढं तुझं.

नोएमी : मीही वर्गात हेच शिकवते, सर. गेल्याच सत्रात एका मुलीला यावरून नापास केलं.

यूलाली : तिला आता पास करून टाक. आणि एक फोन करता आला नाही होय गं तुला? आहे आमच्याकडे फोन. मीच उचलते.

नोएमी : भीती वाटली, मावशी. जिवंतपणी कधी केला नाही आणि मेल्यावर करतेय, असं म्हणाल तुम्ही.

यूलाली : म्हणालेच असते!

ओव्हिड : असू दे गं यूलाली, चूक कुणाचीही होते. मी एकदा माझ्या पुस्तकात एका पाद्र्याकडून त्याच्या जन्माआधीच लग्नं लावून घेतली होती. छापूनही आलं. नोएमी, मला दुसरंच विचारायचंय.

नोएमी : विचारा ना.

ओव्हिड : आपली शेवटची भेट कशी झाली?

नोएमी : सर...

ओव्हिड : सांग की. सकाळी तुमच्या परिषदेतला प्रॉस्पेर आला होता अधिवेशनातून, गंबो रश्श्याचं पातेलं घेऊन, सांत्वनाला. दार मीच उघडलं. बिचारा मटकन पायरीवरच बसला. कॉफी पिऊन सावरला आणि म्हणाला, "नोएमी काय सुंदर बोलली! शेवटच्या दिवसांत तुमच्या उशाशी बसायची म्हणे." मला तर काही आठवेना. यूलालीला विचारलं, तिलाही आठवेना. या वयात फार घाबरायला होतं गं. म्हटलं, डोकं गेलं की काय माझं?

नोएमी : नाही, नाही! तुमचं डोकं शाबूत आहे, सर. मी आलेच नव्हते.

ओव्हिड : हां. मग ठीक आहे.

यूलाली : ठीक काय, डोंबल? सकाळपासून सारखा माझ्यामागे लागलाय, "ती आली होती का गं? मी ओळखलं का तिला? नीट बोललो ना?"

नोएमी : भाषण मी लिहून नेलं होतं. त्यात हे नव्हतं, शपथेवर सांगते. तुमची पुस्तकं, तुमचा वर्ग, एवढंच होतं. समोर लोक डोळे पुसत होते आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, याच गावात राहून मी एकदाही गेले नाही. मग तोंडातून ते निघून गेलं. एक निघालं, की पाठोपाठ दुसरंही.

ओव्हिड : मी काय म्हणालो त्या भेटीत?

नोएमी : नको ना, सर.

ओव्हिड : माझे शेवटचे शब्द आहेत ते. मलाच कळायला नकोत?

नोएमी : तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "आलीस, बरं झालं. मी वाट बघत नव्हतो. तू येणार हे मला माहीतच होतं."

ओव्हिड : छान लिहिलंयस.

नोएमी : लिहिलं नव्हतं. सुचलं तसं बोलले.

ओव्हिड : मग तर फारच छान.

यूलाली : पण का नाही आलीस गं? भांडलात की काय तुम्ही दोघं?

नोएमी : भांडण असतं तर बरं झालं असतं, मावशी. सर निवृत्त झाले, त्यांची जागा मला मिळाली, त्यांची खोली मिळाली. म्हटलं, रविवारी जाऊ. मग परीक्षा आल्या, मग आईचं आजारपण, मग माझं पुस्तक. मग इतके दिवस उलटले, की आता कुठल्या तोंडानं जायचं? तुमच्या रस्त्यानं जायला नको म्हणून मी भाजीचं दुकानसुद्धा बदललं. आणि खरं सांगू? पेपरात ती बातमी वाचली ना, तेव्हा आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, सुटले.

यूलाली : अगंबाई!

नोएमी : म्हणूनच बापाचं नाव बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं.

ओव्हिड : कॉफी घे. निवतेय.

नोएमी : लाज वाटते हो मला, सर.

ओव्हिड : दिसतंय. घे, घे. आज संध्याकाळी काय आहे तुमचं?

नोएमी : समारोपाचं जेवण. तुम्ही हयात आहात हे जाहीर करायचंय. उपाध्यक्ष म्हणतात, हसतखेळत सांगून टाकू, सरांनाच घेऊन या, लोक उभं राहून टाळ्या वाजवतील.

ओव्हिड : आणि त्या भेटीचं?

नोएमी : म्हणतात, त्या गडबडीत कोण विचारतंय!

ओव्हिड : चल, येतो मी. विचारलंच कुणी तर सांगेन, आली होती, उशाशी बसली होती. म्हाताऱ्याचं बोलणं कोण खोडून काढणार?

नोएमी : नको.

ओव्हिड : अगं, माझं काय जातंय? मला आवडली ती भेट.

नोएमी : नको ना, सर! शिव्या द्या, हाकलून द्या, पण हे नको. मी उभी राहून सांगते, मी गेलेच नव्हते, खोटं बोलले.

ओव्हिड : विचार कर. ही माणसं तीनशे वर्षांपूर्वीचं काही विसरत नाहीत, तुझं विसरतील होय?

नोएमी : नाही विसरणार. पण तुम्ही येऊ नका. तुम्ही समोर दिसलात की सगळे आनंदानं हसत सुटतील आणि मी पुन्हा सुटेन.

ओव्हिड : बरं बाई. मग काय झालं ते मला कळायचं कसं?

नोएमी : मी येऊन सांगते ना. रविवारी. नक्की येते, सर.

ओव्हिड : ये की. मी आहेच.

यूलाली : ओव्हिड, तू आत जा बघू, गोळी घ्यायची राहिलीय. मी हिला फाटकापर्यंत सोडते... चल गं. आणि ऐक. तिथे सांगणार आहेस ते चांगलंच आहे. पण याला "रविवारी येते" असं सांगत जाऊ नकोस.

नोएमी : मावशी, या वेळी खरंच येणार आहे मी.

यूलाली : यायचं तर ये ना, न सांगता ये. निरोप समारंभाच्या दिवशी म्हणाली होतीस, "रविवारी येते, सर." तेव्हापासून हा दर रविवारी सकाळी दाढी करून बसतो.