‘भराव’मधला पुकारा माझा होता

मी हिराजी. आगरी माणूस, तळोज्याच्या वाटेवरच्या गावातला. गावाचं नाव नका टाकू, नाव टाकून जे व्हायचं ते एकदा झालंय. बाप मिठागरावर राबला, पोरवयात मीही राबलो, मग जमिनी गेल्या, मिठागर गेलं, आणि माझ्या हातात राहिला तो बेंजो. बेंजो म्हणजे काय सांगू तुम्हाला, वर बटनं, खाली तारा, एका हाताने दाबायचं आणि दुसऱ्याने छेडायचं. पनवेलपासून उरणपर्यंत आमच्या बेंजो पार्टीशिवाय हळद लागायची नाय.

आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. आणि हळदीच्या गाण्यात नाव पुकारावं लागतं. कडवं संपतं, वाजवणारे एक जागा रिकामी सोडतात आणि त्या जागेत गाणारा ओरडतो, नवऱ्याच्या मामाचं नाव, काकाचं नाव, गावातल्या कुणा शेठचं नाव. नाव पडलं की तो माणूस हात वर करून मधे येतो, अख्खा मांडव त्याच्याभोवती नाचतो. नाव राहिलं तर रुसवे, माणसं जेवणावरून उठून गेलीत, खोटं नाय सांगत. तर हा पुकारा आमच्या पार्टीत माझा. रिकामी जागा आली की माझा गळा आपोआप उघडायचा, मला वाटायचं देवाने गळा त्यासाठीच दिलाय.

मग डीजे आले. बेंजो कोण ऐकतंय. मी घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, वर अंड्यांचे ट्रे चिकटवले, माईक आणला आणि हळदीच्या गाण्यांच्या सीड्या काढू लागलो. बरं चाललं होतं.

रोशन माझ्या धाकट्या भावाचा पोरगा. भाऊ केमिकलच्या कंपनीत होता, छातीने गेला, मग रोशन माझ्याच अंगाखांद्यावर वाढला. पोरगा डंपर चालवायचा. तेव्हा सगळीकडे भरावाचं काम, डोंगर फोडायचा, माती आणायची, शेतात नि खाडीत ओतायची. आमच्या भागातला भराव सगळा गजाशेठचा. हाही आमच्यातलाच, माझ्यापेक्षा लहान, गळ्यात हे एवढं सोनं. रोशन त्याच्याकडेच होता, मंगेश गेला तोवर.

मंगेश रोशनचा दोस्त, खाडीवरचा कोळ्याचा पोरगा. चिंबोऱ्या विकून सायकलने घरी येत होता, भरावाच्या रस्त्यावर गजाशेठच्या डंपरने त्याला चिरडलं. कागदावर काय आलं, तर पोरगा दारू पिऊन रस्त्यात झोपला होता. अहो, तो पोरगा सुपारीचं खांड खायचा नाय. आई पारूबाई, विधवा, एकच मुलगा. रोशनने त्या दिवशी डंपरची चावी गजाशेठच्या टेबलावर ठेवली ती ठेवलीच.

खांदा कॉलनीतला इम्रान म्हणून एक पोरगा रोशनच्या ओळखीचा, कॉम्प्युटरवर गाण्याचे ठोके बनवायचा. दोघं माझ्या खोलीत येऊन बसू लागले. म्हणाले, काका, आमी रॅपचा अल्बम करतो, गँगस्टर रॅप. मी म्हटलं, म्हणजे काय रे? इम्रान म्हणाला, चाचा, तुम्ही नवऱ्याला चढवता ना मांडवात, तसं रॅपवाले गुंडाला चढवतात, त्या बढाईतूनच त्याचे धंदे उघडे पडतात. मी म्हटलं, मग गाणं कुठाय, हे तर भांडण हाय. रोशन हसला, काका, तुजा बेंजो आता माळ्यावर टाक.

पंखा बंद करून गायचे, नाहीतर पंख्याचा आवाज येतो. घामाने निथळायचे. अल्बमचं नाव ठेवलं ‘भराव’. रोशनने सगळं ‘मी’ म्हणून लिहिलं होतं, म्हणजे बोलतोय तो जमीन खाणारा, मीच खाडी बुजवली, मीच पोलीस पाळले, असं. मुख्य गाण्याचं पालुपद मला अजून पाठ हाय:

शेत माझं, खाडी माझी, वर टाकला भराव,
खाली कोण गाडला, त्याचं कोणी पुसू नये नाव.

आणि ‘नाव’ म्हटल्यावर ठोका थांबायचा. काहीच नाय. मग पुन्हा सुरू. दर पालुपदाला तसंच. मला ते सहन होईना. मी म्हटलं, अरे, इथं कायतरी पडलं पाहिजे, जागा ओरडतेय. रोशन म्हणाला, नाय काका. ती जागा मंगेशची हाय. तिथं कोन बोलनार नाय.

हे त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी लोकांना सांगत आलो, ते खोटं.

दोघं सीडीच्या कव्हरासाठी पनवेलात गेले होते. प्रती काढायचं काम माझ्यावर सोपवून गेले. मी शेवटचं म्हणून गाणं लावलं, ‘नाव’ आलं, ठोका थांबला, आणि मी उठून माईक लावला. त्या जागेत ओरडलो, गजाशेऽऽठ! प्रत्येक जागेत. पुढे मी स्वतःला खूप समजावलं की खुन्याचं नाव कुणीतरी घ्यायला हवं होतं, म्हणून मी घेतलं. पण खरं ते नाय. नाव खुन्याचं होतं, पुकारा हळदीचा होता. जसा नवऱ्याच्या मामाला पुकारायचो तसाच, लाडाने, ओढून. आणि मला माझा आवाज त्यात हवा होता. बेंजो माळ्यावर टाक म्हणाला होता ना, तेही होतं आत कुठेतरी. तीच सीडी मी मोबाइलच्या दुकानात नेऊन दिली. दुकानवाला लोकांना मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. पोरं पनवेलहून येईपर्यंत गाणं रिक्षात वाजत होतं.

रोशनने ते रिक्षातच ऐकलं. आला, दारात उभा राहिला. काका, तू ह्यो काय केलास? मी म्हटलं, अरे, चाललंय बघ गाणं! माझा आवाज पुसून दुसऱ्या सीड्या काढल्या दोघांनी, वाटल्याही, पण लोकांच्या फोनमधून कसं काढणार? आणि लोकांना पुकाऱ्याचंच आवडलं. नवीन पनवेलची कॉलेजची पोरं, गावची पोरं, सगळी. इम्रानने डोक्याला हात लावला, म्हणाला, चाचा, हमारा जनाज़ा था, आपने बारात बना दी.

आम्हाला वाटलं गजाशेठ माणसं पाठवील, हातपाय तोडील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, पोराचं गाणं तरी खरं ठरलं असतं. त्याने काय केलं, पेढे पाठवले. वाढदिवसाला उघड्या जीपमधून तो त्याच गाण्यावर आला. ‘मीच खाडी बुजवली’ म्हटलं की छातीवर हात मारायचा. नाक्यावर बॅनर लागला, गजाशेठचा फोटो हा एवढा आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत रोशनचा फोटो. न विचारता छापलेला. ज्यांची शेतं गेली होती ती माणसं रोशनला बघून थुंकायची. विकला गेला म्हणायची. काही म्हणायची, डंपर सोडून शेठच्या मांडीवर बसला.

मग एका हळदीत पारूबाई आली होती, तिच्या नात्यातलीच हळद. डीजेने ते लावलं. तिच्यासमोर पोरं नाचली. खाली कोण गाडला, त्याचं कोणी पुसू नये नाव, गजाशेऽऽठ!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या ओटीवर आली. मी खुर्चीत, रोशन उंबऱ्यात. ती बसली नाय, पाणी घेतलं नाय. म्हणाली, रोशन, माज्या पोराच्या मढ्यावर तू लोकांना नाचवलास, तुजा दोस्त होता ना रं तो? रोशनने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी सुपारी कातरत होतो, मी कातरत राहिलो. तो म्हणाला, गाना माजा हाय, मावशी, चुकी माजी हाय. आणि तिच्या पायाशी बसला. तिने पाय मागे घेतले.

त्याच्यानंतर रोशनने तोंडातून सूर काढला नाय. इम्रान दुबईला गेला. रोशन तळोज्यात कंपनीत पॅकिंगला लागला, बापाने जी हवा खाल्ली तीच खातो. लग्न झालं त्याचं, स्वतःच्या हळदीत डीजे लावू दिला नाय, लोक म्हणाले कसला माणूस. माझ्याशी भांडला नाय तो, कधीच. घरात येतो, जेवलास का काका विचारतो, माझी गोळी संपली की आणतो. ह्याच्यापेक्षा त्याने मला दोन ठेवून दिल्या असत्या तर मी सुखाने मेलो असतो.

ह्या वर्षी मी काठी टेकत खाडीवर गेलो. पारूबाई जाळं विणत बसली होती, नजर गेलीय, हाताने चाचपून विणते. मी सगळं सांगितलं. म्हटलं, पोराचा काय दोष नाय, ओरडलो मी. ती विणतच राहिली. म्हणाली, हिराजीभाऊ, माज्या लग्नात तू पुकारलास, माज्या बहिनींच्या लग्नात तू पुकारलास, तुजा आवाज मी वळखनार नाय? हळदीतच वळखला. मी म्हटलं, मग तू रोशनला का बोललीस? म्हणाली, पोराला बोलले, पन बघत तुज्याकडं होते. वाटला आता बोलशील, आता बोलशील. तू सुपारी खाल्लीस.

मी म्हटलं, आता मी काय करू? म्हणाली, माला सांगून काय व्हनार, माला ठावंच होता. ज्यांनी त्याच्यावर थुकलाय त्यांना सांग.

म्हणून तुम्हाला बोलावलं. रोशनला विचारलं नाय, विचारलं असतं तर नको म्हणाला असता. गजाशेठ आता मोठा माणूस झालाय, त्याचं काही बिघडायचं नाय, आणि मंगेशचं जे व्हायचं ते झालं. थुंकणारेही निम्मे गेले, उरलेल्यांना गाणंच आठवत नसेल. तरी लिहा. रोशनने त्या गाण्यात कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तो विकला गेला नव्हता. त्याची मुलगी आता बोलायला लागलीय, दिवसभर काहीबाही गुणगुणते, आणि बाप तिला गप्प बस म्हणत नाय, हे मी खुर्चीतून बघतो. देव तिला मोठा गळा देवो. मी तिच्यापासून लांब बसतो.