थोरलीच्या पदराला लावलेला माईक

टाळ जरा थांबवा मंडळी. मृदंगवाल्या बुवांनाही घोटभर पाणी पिऊ द्या. आणि मला एक सांगा. खरं सांगायचं हं, देवळात बसलाय!

समजा, तुम्ही ओसरीवरून चाललाय. आत दोघं जण बोलतायत. आणि अचानक तुमचं नाव कानावर आलं! काय कराल? पुढं जाल, की पाय जागेवर थांबतील?

हसू नका! थांबतील! सगळ्यांचे थांबतील! श्वास रोखून उभे राहाल. खोकला आला तरी गिळाल!

तर आज प्रश्न हाच घेतलाय. पाठीमागं आपल्याविषयी चाललेलं बोलणं ऐकावं, की ऐकू नये? मी आत्ताच काही सांगत नाही. मी घडलेलं सांगतो, निवाडा तुम्ही करा.

ऐका. कळंबदरा नावाचं गाव. पठाराच्या अगदी कडेला. वारा असा, की माणूस बोलतो इथं आणि शब्द जाऊन पडतो खाली दरीत! त्या गावात नलवड्यांचं घर. दोन भाऊ, दोन जावा. थोरली कौसल्या, तिला सगळं गाव ‘अक्का’ म्हणतं. धाकटी मंजिरी.

आता मंजिरी कशी? गव्हाच्या पोत्याला भोक पडलं की कसं भळाभळा सांडतं? तशी बोलायची! आणि अक्का? अक्काचं बोलणं म्हणजे ‘हं’. ‘नको’. ‘मीठ दे’. दिवस संपला!

पण अक्काच्या हाताला चव — काय सांगू! तिची भाकरी तव्यावर टम्म फुगली की शेजारच्या घरातली माणसं जेवण झालेलं असूनही डोकावायची. हे मंजिरीनं बरोबर हेरलं. तिनं मोबाईल घेतला, रानात बांधाच्या कडेला तीन दगडांची चूल मांडली आणि चॅनेल काढलं. नाव काय? ‘जावांची चूल’! अक्का रांधणार, मंजिरी बोलणार.

चित्र सुंदर! धूर, तवा, मागं डोंगर. पण व्हिडिओखाली लोक लिहायचे काय? ‘ताई, भाजी छान, पण आवाज येत नाही.’ ‘ताई, तुम्ही बोलताय की पंखा चालू आहे?’ एकानं तर लिहिलं, ‘आज वाऱ्याची रेसिपी दाखवली का?’

झोंबलं हो मंजिरीला! गेली तडक कऱ्हाडला, माईकच्या दुकानात. समोर एक लांबलचक, चकचकीत माईक. मंजिरी म्हणाली, “तो द्या!”

दुकानदार शहाणा होता. म्हणाला, “थांबा वहिनी. बोलणार कुठं? घरात की बाहेर?”

“रानात.”

“वारा असतो?”

“वारा? अहो, भाकरीवर दगड ठेवावा लागतो!”

“मग दिसायला भारी घेऊ नका. वाऱ्यात टिकंल तो घ्या.” त्यानं एक डबी उघडली. आत बोटाच्या पेराएवढे दोन माईक. वायर नाही, काही नाही! पदराला चिमट्यानं लावायचा, वरून केसाळ टोपडं घालायचं — मांजराच्या पिलासारखं! म्हणजे वारा त्या केसांत अडतो आणि बोलणं तेवढं आत जातं. आणि एक बारका तुकडा मोबाईलच्या बुडाला, चार्जर लावतो तिथं खोचायचा. दुकानदारानं तिच्या मोबाईलला तो बसतोय का, तेही आधी बघून घेतलं. मग म्हणाला, “बोलणारं कोण कोण आहे? एकट्याच, का आणखी कुणी?”

मंजिरी काय म्हणाली? “एकटीच!”

अगं बाई! चॅनेलचं नाव ‘जावांची चूल’ — आणि बोलणारी एकटीच!

“मग दुसरा माईक राहू द्या डबीत,” दुकानदार म्हणाला. डबीत राहिला!

घरी आली, लावला, बोलली. आणि ऐकते तर काय? खर्र... खर्र... खर्र! मंगळसूत्र घासतंय माईकवर! मग माईक खांद्याकडं सरकवला. पुन्हा ऐकते तर आवाज स्वच्छ, पण चुलीचा तडतडाट गायब, फोडणीचा चर्र गायब, सगळं रान मुकं! काय झालं? बाहेरचा गोंगाट कापायचं बटण होतं, ते हिनं पार टोकाला नेलेलं! मग ते कमी केलं. आणि एक चांगली सवय लावून घेतली — व्हिडिओ चालू असताना कानात इअरफोन घालून, आवाज कसा येतोय ते स्वतः ऐकायचं. ध्यानात ठेवा ही सवय. पुढं हिनंच घोटाळा केलाय!

आता मंडळी, वरवर सगळं गोड. पण मंजिरीच्या मनात एक काटा होता. अक्का बोलत नाही. व्हिडिओ दाखवला तर बघते, ‘हं’ म्हणते आणि भांडी घासायला जाते. लोक वाहवा करतात, पण हिच्या तोंडून एक शब्द नाही! मंजिरीनं अर्थ काय काढला? ‘हिला माझं बघवत नाही!’

माणूस गप्प बसला की आपण त्याच्या तोंडात आपलेच शब्द घालतो बघा. आणि तेही वाईटच घालतो! चांगले कधी घालत नाही!

शेवटी तिनं नवऱ्याला, संपतला, सांगितलं, “मला नाही जमायचं. आपण चूल वेगळी करू.”

संपतनं हात जोडले. म्हणाला, “मला अक्कानं आईसारखं वाढवलंय. माझ्या तोंडून निघायचं नाही. सांगायचं तर तूच सांग.”

“सांगते! भोगीचा व्हिडिओ झाला की सांगते.”

आली भोगी. थंडी, कोवळं ऊन, रानात हरभरा. भोगीची लेकुरवाळी भाजी — वांगी, पावटा, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे — आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. सुटलं ना तोंडाला पाणी? थांबा, प्रसाद नंतर!

अक्का परातीत भाकरी थापायला बसली. थप, थप, थप. मंजिरीच्या मनात आलं, ही थाप लोकांना जवळून ऐकवावी. तिनं डबीतला दुसरा माईक काढला आणि म्हणाली, “अक्का, हा तुमच्या पदराला लावते. तुम्ही बोलू नका हं. भाकरीचा आवाज पाहिजे फक्त.”

ऐकलंत? भाकरीचा आवाज पाहिजे. भाकरी करणारीचा नको!

अक्का म्हणाली, “हं.”

भाकऱ्या झाल्या. भाजी उतरवायची वेळ आली आणि मंजिरी म्हणाली, “अगंबाई, कोथिंबीर राहिली!” अक्का उठली आणि बांधापलीकडं शेवंताच्या वाफ्याकडं निघाली. शेवंता म्हणजे अक्काच्या माहेरची, लहानपणापासूनची मैत्रीण, तीही याच गावात दिलेली. अक्का गेली. माईक? पदरालाच! चालू! आणि मंजिरीच्या कानात इअरफोन!

मध्ये झाड नाही, भिंत नाही. असा मोकळा पल्ला मिळाला की तो चिमुकला माईक भलता लांबून पकडतो हो. मंजिरीच्या कानात पाऊल वाजलं, बांगडी वाजली. आणि शेवंताचा आवाज आला —

“कौसे, एक विचारू? राबतीस तू आणि मिरवती ती! तुझ्या जिवाला काही वाटत नाही व्हय?”

झालं! मंजिरीचा हात भाजीच्या पळीवरच थांबला. मंडळी, आता काय करावं तिनं? काढावा इअरफोन? का ऐकावं?

तुम्ही काढला असता? ... बघा, कुणी मान वर करेना!

मंजिरीनंही नाही काढला. मनात म्हणाली, ‘आता कळू दे. आता ही काय ते ओकू दे. मग मला वेगळं व्हायला मोकळं!’

आणि कानात एक आवाज आला. जाडसर. घोगरा. रांजणातून यावा तसा खोल. क्षणभर मंजिरीला कळेचना हे कोण बोलतंय! अहो, रोज ‘हं’ आणि ‘मीठ दे’ एवढंच ऐकलेलं. अख्खं वाक्य ती पहिल्यांदा ऐकत होती!

अक्का म्हणत होती, “मिरवू दे की! शेवंते, सुगीला वीस-वीस माणसाचं रांधलं मी या घरात, कुणी ताटाकडं बघून ‘कुणी केलं’ म्हणून विचारलं नाही. ही पोर आली आणि सगळ्या मुलखाला ओरडून सांगती, ‘ही भाकरी आमच्या अक्कांची!’ परवा माझा भाऊ फोनवर रडला. म्हणला, तुझी भाकरी बघून आईची आठवण झाली. हे कुणामुळं? मला त्या पोरीचं लई कौतुक हाय.”

मंजिरीच्या डोळ्यांतून टपटप पाणी! चुलीला दोष द्यायलाही जागा नाही, धूर दुसरीकडं चाललेला!

आणि तेवढ्यात अक्का आवाज खाली करून म्हणाली, “एक सांगते तुला. पण कुणाला बोलू नकोस हं...”

मंडळी, इथं परीक्षा! आत्तापर्यंत गोड ऐकलं. आणखी गोड असेल, कुणास ठाऊक! ऐकायला कोण अडवतंय? कुणालाही कळणार नाही!

मंजिरीनं खस्सकन इअरफोन उपसला! बाजूला ठेवला. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. आणि झालेलं रेकॉर्डिंग न ऐकता पुसून टाकलं. सगळं! भाकरीची थापसुद्धा गेली त्याच्याबरोबर! भोगीचा अख्खा व्हिडिओ गेला!

बोला, विठ्ठल विठ्ठल!

अक्का आली. हातात कोथिंबीर. मंजिरी उभी राहिली आणि म्हणाली, “अक्का, माईक चालू होता. मी ऐकलं.”

अक्काचा हात पदराकडं गेला. ते केसाळ टोपडं हाताला लागलं. चेहरा पांढराफटक! “कुठवर?”

“‘कुणाला बोलू नकोस’ म्हणालात, तिथवर. मग इअरफोन काढला. रेकॉर्डिंगही पुसलं. पण आधीचं ऐकलं, ते ऐकायला नको होतं. चुकलं माझं. आणि अक्का, मी आज तुम्हाला सांगणार होते, की आम्ही वेगळं होतो म्हणून. मला वाटलं, तुम्हाला माझं बघवत नाही.”

अक्का? कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली. आणि मग — हसली! अशी हसली की पलीकडून शेवंता बघायला लागली!

“अगं येडे! नेमकं तिथंच काढलंस? पुढचं तर तुझ्याच कामाचं होतं!”

“म्हणजे?”

अक्का लाजली हो! पदर तोंडाला लावला, माईकसकट! “मी शेवंताला म्हणत होते... मलाही त्या मोबाईलपुढं बोलायची लई हौस हाय. पण माझा आवाज असला. शाळेत पोरं म्हणायची, ‘रेडा आला.’ तवापासून तोंडच मिटलं. तुझ्याशीबी कमी बोलते ते त्याच्यापायी. तू एवढी गोड बोलतीस. म्हटलं, हसशील.”

मंजिरीनं तिचे दोन्ही हात धरले, कोथिंबिरीसकट. “अक्का! मी कानात ऐकलाय तुमचा आवाज. सगळ्या रानात असा आवाज नाही. बसा खाली. पुन्हा पीठ मळा. आज तुम्ही बोलायचं.”

“आणि तू?”

“मी मोबाईल धरते.”

बसली अक्का. पहिलं वाक्य चाचरत आलं. दुसरं जरा बरं. मग भाकरी थापता थापता ती आईबद्दल सांगायला लागली, बाजरीबद्दल, थंडीबद्दल. तो जाडसर आवाज आणि मधे मधे थप, थप! आणि लोकांनी खाली काय लिहावं? ‘अक्का, तुम्ही बोलत राहा. भाजी जळली तरी चालेल!’

नलवड्यांची चूल? एकच आहे! आता भांडण एवढंच होतं, की अक्का थांबता थांबत नाही आणि मंजिरीला ‘नमस्कार’ म्हणायला सुद्धा जागा मिळत नाही!

आता निवाडा. मंजिरीला समाधान कधी मिळालं? कौतुक चोरून ऐकलं तेव्हा? तेव्हा ती रडली. जवळ माणूस आलं ते कधी? कान मिटले, समोर उभी राहिली आणि ‘चुकलं माझं’ म्हणाली तेव्हा! चोरून अर्धंच मिळालं. उरलेलं, खरं मोलाचं, ते समोरच्यानं आपल्या हातानं दिलं.

आणि तुमचं काय हो? मागं बसलेले, तुम्हीसुद्धा! घरात वर्षानुवर्षं ‘हं’ म्हणणारं कुणीतरी असेल. सासरा असेल, सून असेल, कोपऱ्यात बसलेला भाऊ असेल. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही परस्पर लावून टाकलाय. विचारलंत का कधी? नुसतं ‘जेवलास का’ नाही! ‘तू बोल, मी ऐकतो’ असं म्हणून खाली बसलात का? आज घरी गेल्यावर बसा. माईक नको, मोबाईल नको. आपलं तोंड मिटा आणि त्याचं उघडू द्या.

मीच मघापासून बोलतोय बघा! देवाला माझा आवाज पाठ झालाय. आता त्याचं नाव तुम्ही घ्या, मोकळ्या गळ्यानं. घोगरा असला तर आणखी मोठ्यानं!

घ्या — मी ऐकतो.