निलगिरीचा शेंडा

हॅलो? …हां, बोल मंगलवहिनी. दादानं करवत चालू केली न्हाई ना अजून? …बरं. कागदाच्या त्रिकोणी घडीवरून बघितलंस? …हो, हो… तिरक्या कडेवर शेंडा दिसला, तिथनं बुंध्यापर्यंत चाळीस फूट. झ्याक.

न्हाई गं, झाड चाळीस फूट न्हाई. अगं ऐक ना… पंचेचाळीस अंशाला उभी बाजू नि आडवी बाजू सारखी, दहावीला हेच शिकवते मी. पण घडी डोळ्याला लावली व्हतीस ना? मग डोळ्यापर्यंतची उंची वर धरायची. पाच फूट धर. झाले पंचेचाळीस.

गोठा बुंध्यापासून सत्तेचाळीस फुटांवर? …दोन फूट राहतात म्हणतो दादा? …थांब. तू उभी कुठं व्हतीस?

बांधावर. …कांद्यात पाय नको म्हणून. वाटलंच मला, आपल्या घरात कांदा कोण तुडवतंय. बांध किती उंच? …दादाच्या छातीएवढा? म्हंजे चार फूट तरी. झाड खाली वावरात हाय वहिनी. एकोणपन्नास झालं. शेंडा गोठ्यावर येतोय.

आई कुठंय? …गोठ्यातच? …व्हय, गाय अडलीय, ती कशाला सोडंल तिला. फोन दादाला दे.

दादा, कांद्याकडं पाडा. …जाऊ देत चार वाफे. …अंदाज तुझा लई चांगला असंल, पण खाली आई बसलीय. मला तिच्या जिवाचं भ्या वाटतंय. हिशोबाचं न्हाई वाटत, हिशोब बरोबर हाय. …हां. हौशीरामभाऊंना म्हणावं दोर कांद्याच्या अंगाला ओढा. फोन चालूच ठेव.

…

हॅलो? …आला आवाज. गोठा? …पत्रासुद्धा हलला न्हाई? …बरं. वहिनी, आता आडवं झालंय तर टेप लाव की त्याला.

…पन्नासला जरा कमी. दादा काय म्हणतोय? …कांदं गोळा करतोय? करू दे.

काय? …मोकळी झाली? कालवड? …दे, दे आईला. …आई, तुला बाहेर यायला काय झालं व्हतं गं? …न्हाई, रडत न्हाई. …न्हाई म्हणलं ना. तासाची घंटा झाली, पोरं बघत्यात. ठेवते.